थेंबेकाका

आमच्या लिफ्टमध्ये शिरलं की थेंबेकाका आज कुठल्या मजल्यावर जाऊन आले ते कळतं. लव्हेंडरचा वास असला तर तिसरा मजला. तिथल्या आजींना रात्री झोप लागत नाही. निलगिरी आणि पुदिना जोडीने असले तर पाचवा. तिथल्या वकिलांचं सायनस त्यांच्या दाव्यांसारखंच आहे, निकाली निघत नाही. आणि सगळे वास एकमेकांच्या अंगावर धावून जात असतील, डोळ्यांना पाणी सुटत असेल, तर समजायचं की काका चौथ्या मजल्यावर माझ्या दाराशी उभे राहून परत गेलेत. मला लहानपणापासून दमा आहे. थेंबेकाकांच्या हिशेबी मी या इमारतीतलं सगळ्यात मोठं खातं आहे, आणि तेही थकीत.

त्यांचं खरं आडनाव लिहीत नाही. थेंबेच्या ते इतकं जवळ आहे की सोसायटीतल्या पोरांना बारशाला फारसे कष्ट पडले नाहीत. काकांना हे नाव माहीत आहे आणि मनातून आवडतंही.

चौतीस वर्षं ते एका बँकेत कॅशियर होते. माणूस निवृत्त होतो, बोटं होत नाहीत. बाटलीचं बूच काढण्याआधी काकांचा अंगठा अजून न दिसणाऱ्या ओल्या स्पंजला लागून येतो. थेंब मोजताना ते बोलत नाहीत आणि दुसऱ्याला बोलू देत नाहीत. ओठ हलतात फक्त. बारा झाले की ड्रॉपर असा आपटतात की नोटांच्या गड्डीला पट्टी लावल्यासारखं वाटावं. का बारा, हेही त्यांनी मला वाणसामानाच्या यादीमागे लिहून दाखवलं होतं. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब. तीस मिलिलिटर तिळाच्या तेलाचे सहाशे. सहाशेचे दोन टक्के, बारा. अंगाला लावायच्या तेलात अर्क साधारण इतकाच घालावा, असं त्यांच्या पुस्तकात आहे.

‘‘आणि तेरावा पडला तर?’’

‘‘पडत नाही. चौतीस वर्षांत माझ्या काउंटरला रुपयाचा फरक आलेला नाही.’’

हे खरं आहे. चूक मोजण्यात कधीच नसते. बारा थेंब टाकून झाले की काका वाटी नाकाशी धरतात, डोळे मिटतात, मान हलवतात, ‘‘छे, लागत नाही,’’ म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून बारा मोजतात. मग पुन्हा बारा. प्रत्येक डझन चोख. डझन किती झाले याचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नाही.

खरं तर दम्याला तेल मला नवीन नाही. आजी खोबरेलात कापूर विरघळवून माझ्या छातीला चोळायची, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पाठ शेकायची. खोलीभर ओव्याचा तो तिखटसर वास, बाहेर पाऊस आणि माझ्या छातीत वाजणारी पिपाणी. त्याला कुठलीही थेरपी म्हणत नसत. ‘पोराला जरा शेकते’ म्हणत. तेच तपकिरी बाटलीत गेलं, वर ड्रॉपर बसला, की अरोमाथेरपी होते आणि १० मिलिलिटरला चारशे रुपये पडतात. काका अर्थातच इतके देत नाहीत. रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन, तीन दुकानांत भाव करून, रिकाम्या बाटल्या वेगळ्या आणि तेल वेगळं घेऊन येतात. त्या दिवशी पीएमपीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहते.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

२०२१च्या एप्रिलमध्ये काका-काकू दोघांनाही कोरोना झाला. त्या महिन्यात कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे चार थेंब रुमालात बांधून हुंगत राहिलं की ऑक्सिजन वाढतो, असा निरोप घराघरांतल्या फोनवर फिरत होता. वाढत बिढत काही नव्हता. पण काकांनी अशा तेवीस पुरचुंड्या बांधल्या आणि बऱ्या झालेल्या, आजारी असलेल्या, नुसत्याच घाबरलेल्या अशा सगळ्या बिऱ्हाडांच्या दारांना लटकवल्या. आजारातून ते सुखरूप उठले, वास मात्र गेला. आमटी, अगरबत्ती, रॉकेल, सगळं सारखंच. मग कुणा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना नाकाचा व्यायाम दिला. ही पद्धत खरी आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००९ साली ती छापली: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी अशा चार वासांच्या बाटल्या, सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ हुंगायच्या, बारा आठवडे. काकांनी एकही हप्ता चुकवला नाही. बाराव्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी जाहीर केलं की वास परत आला, खातं बंद.

राहिल्या चार बाटल्या. पुण्यात वस्तू विकत आणली की ती वाया घालवायची नसते. त्या चारांच्या सोबतीला पाचवी आली, मग लव्हेंडर आलं, पुदिना आला, गवती चहा आला, आणि एके दिवशी जिन्यात मला गाठून काका म्हणाले, ‘‘अरे, तुला गॅटफॉसे माहीत आहेत का?’’

मला वाटलं आमच्यात कुणी नवीन भाडेकरू आले.

रने मॉरिस गॅटफॉसे हे फ्रान्समधले अत्तराच्या धंद्यातले रसायनशास्त्रज्ञ. काका त्यांचं नाव अशा आपुलकीने घेतात की गृहस्थ मूळचे गुहागरकडचे असावेत अशी शंका येते. काकांच्या तोंडची गोष्ट अशी: प्रयोगशाळेत स्फोट झाला, हात भाजला, शेजारी लव्हेंडरच्या तेलाचं पिंप होतं, त्यात हात घातला, आणि बाहेर काढला तो डाग न उरलेला हात. हे सांगताना काका स्वतःचा हात पुढे करतात, जणू तोच. गॅटफॉसेंच्या स्वतःच्या सांगण्यात पिंप नाही. स्फोट १९१०चा, जखमा चिघळून त्यात गॅस गँग्रीन शिरलं आणि तेव्हा लव्हेंडरच्या अर्काने धुतल्याचा गुण आला, असं ते म्हणतात. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द त्यांच्या १९३७च्या पुस्तकाने रूढ केला. म्हणजे सगळी सुरुवात भाजलेल्या हाताची. त्यात दमा कुठेच नाही, हे मी एकदा दाखवून दिलं. काका म्हणाले, ‘‘हाताला एवढा गुण, तर छातीला किती!’’

निलगिरीबद्दलही असंच. ‘आपल्या निलगिरीचं तेल’ असं ते छाती काढून म्हणतात. झाड ऑस्ट्रेलियाचं. इंग्रजांनी १८४०च्या दशकात उटीच्या थंडीत जळण म्हणून आणून लावलं, आणि पाहुण्याला डोंगराचंच नाव पडलं. ऑस्ट्रेलियात कोआला याच पानांवर जगतो आणि दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो. काकांचा मसाज झालेली माणसंही साधारण तशीच दिसतात, हे मात्र मी कबूल करतो.

कारण मसाज उत्तम असतो. उगाच नावं ठेवणार नाही. मी तीन वर्षं टाळाटाळ केली आणि एका दिवाळीनंतर, फटाक्यांच्या धुराने हैराण झालेला असताना, शरण गेलो. काकांच्या हॉलमध्ये सतरंजी, तिच्यावर जुनी चादर, उशाशी वही. खरीखुरी खतावणी, लाल कापडी पुठ्ठ्याची. एका बाजूला नावे, एका बाजूला जमा. माझ्या नावावर पान आधीच उघडलेलं होतं. नावे बाजूला ‘श्वास, जुनी बाकी’ असं लिहिलेलं.

समोर सोफ्यावर काकू गवार निवडत बसलेल्या. काकू म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होत्या. त्या या उद्योगात भाग घेत नाहीत आणि तिथून उठतही नाहीत.

पालथं झोपवून काकांनी सुरुवात केली. हात गरम, दाब बेताचा. मानेपासून खाली, मग बरगड्यांच्या कडेने बाहेर. कुकरच्या तीन शिट्ट्या उजवी बाजू, तीन शिट्ट्या डावी, असं वेळापत्रक. मला खरंच बरं वाटत होतं. दम्याच्या माणसाचे खांदे कानाशी चढून बसलेले असतात, ते खाली उतरले. तेवढ्यात हात थांबले.

‘‘अकरा,’’ काका म्हणाले.

‘‘काय अकरा?’’

‘‘बरगड्या. बारा हव्यात.’’

पुन्हा वरून मोजल्या. पुन्हा अकरा. शेवटची बरगडी आखूड असते, पाठीच्या मांसात दडलेली असते, सहज हाताला लागत नाही, असं काकूंनी गवारीतून मान न काढता सांगितलं. पण कॅश जुळल्याशिवाय उठायचं नाही हा काकांचा धर्म. तिसऱ्या मोजणीला ते अंगठ्याने बरगडीबरगडीच्या मध्ये शिरून मोजत होते आणि मी हसत होतो, आणि हसता हसता मला कळलं की हसू येतंय पण श्वास येत नाहीये.

वाटीत त्या दिवशी चार डझन थेंब होते. उग्र वासाने दमा उठतो, हे मला पाचवीपासून माहीत आहे. उदबत्ती, अत्तर, रंगाचा डबा, फोडणीची मिरची. निलगिरीही त्याच यादीत. माझी छाती आवळायला लागली. पुढचं सगळं काकूंनी केलं. उठवून बसवलं, वाटी उचलून बाल्कनीत नेली, खिडकी उघडली, माझ्या सदऱ्याच्या खिशातून निळा पंप काढला आणि आतल्या खोलीतून स्पेसर आणला. (त्यांच्याकडे स्पेसर का होता, हे मी तेव्हा विचारलं नाही. नवऱ्याचा उद्योग पाहून आणून ठेवला होता, हे नंतर कळलं.) एक पफ, सावकाश श्वास, मिनिटभर थांबून दुसरा. पाच-सात मिनिटांत पिपाणी थांबली.

काका तेवढा वेळ भिंतीला टेकून, तेलाचे हात वर धरून उभे होते. चेहरा पांढरा. मला बोलता यायला लागल्यावर ते वहीकडे वळले, घड्याळ पाहिलं आणि जमा बाजूला लिहिलं: ‘मसाजनंतर आठव्या मिनिटाला श्वास पूर्ण मोकळा.’

‘‘आणि पंप?’’ काकूंनी विचारलं.

काकांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं: ‘सहायक उपचार.’

त्या दिवशी दारापर्यंत सोडायला आलेल्या काकूंनी मला ते सांगितलं. ‘‘यांना अजून वास येत नाही रे. बाराव्या आठवड्याला आला म्हणाले ते नुसतं खातं बंद करायचं म्हणून. दूध करपून भांडं काळं झालं तरी शेजारी बसून पेपर वाचतात.’’

मग डझनांचा उलगडा झाला. वास ओळखणारी चेता वेगळी आणि झोंबणं, गार लागणं, चुरचुरणं हे सांगणारी चेहऱ्याची नस वेगळी. पहिली गेली तरी दुसरी शाबूत असते. पुदिना आणि निलगिरी दुसरीवर काम करतात. बिचाऱ्या काकांना सुगंध कळतच नव्हता. झोंबेल तेव्हा ‘लागलं’. सगळ्या इमारतीचं नाक भाजेपर्यंत त्यांच्या नाकाला जाग येत नव्हती. मी कुणाला बोललो नाही. ज्या कॅशियरला खोटी नोट ओळखू येत नाही त्याची बातमी काउंटरबाहेर करायची नसते.

पुढच्या आठवड्यात मात्र मी पीक फ्लो मीटर घेऊन खाली गेलो. नळीत जोरात फुंकायचं, काटा सरकतो, मिनिटाला किती लिटर वेगाने हवा सुटते तो आकडा येतो. काकांना वास नाही, पण आकडा कळतो. बाल्कनीत, उघड्यावर, बाराच थेंब घालून त्यांनी मसाज केला. आधी ३४०. नंतर ३४०. काकांनी मला पुन्हा फुंकायला लावलं, ३३०. पुन्हा, ३४०. मग ते चष्मा पुसत बसले.

‘‘पण तुला बरं वाटतंय ना?’’

‘‘छान वाटतंय.’’

‘‘मग काटा का हलत नाही?’’

मी सांगितलं ते असं. पुदिन्यातलं मेन्थॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या तंतूंना उठवतं. आत गार हवा आल्यासारखी वाटते आणि मेंदू समजतो, रस्ता मोकळा झाला. प्रत्यक्ष मोजलं तर नाकातला अडथळा तेवढाच असतो. आणि दम्यातला अडथळा नाकात नसतोच. तो खाली, श्वासनलिकांमध्ये. त्यांचे स्नायू आवळतात, आतून सूज येते, चिकट कफ साचतो. पाठीला लावलेलं तेल तिथे जाऊन ती सूज उतरवत नाही. पाठ मोकळी होते, मन निवतं, भीती कमी होते. भीती कमी होणं दम्यात लहान गोष्ट नाही, हेही मी सांगितलं, आणि ते त्यांना बरं वाटावं म्हणून नव्हे.

काकांनी वही उघडली. दुसऱ्या कुणी ते पान फाडलं असतं. त्यांनी लिहिलं: ‘मसाजपूर्व ३४०, मसाजोत्तर ३४०, फरक ०.’ आणि सही केली.

चार दिवसांनी ते छापील कागद घेऊन वर आले. जर्मनीतला २००३चा अभ्यास, दम्याचे ३२ रुग्ण, १२ आठवडे. निलगिरीतलं सिनिओल घेणाऱ्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या जास्त कमी करता आल्या. हा अभ्यास खरा आहे. काकांचे डोळे चमकत होते. मागून जिना चढून आलेल्या काकूंनी कागद घेतला, वाचला आणि परत दिला. ‘‘यात मसाज कुठे आहे? शुद्ध सिनिओलची मोजून दिलेली कॅप्सूल आहे, आणि गोळ्या कमी करणारे डॉक्टर आहेत. तुमच्या बाटलीतलं चमचाभर कुणी प्यायलं तर दवाखान्यात न्यावं लागेल.’’ कागद वहीत गेला, किरकोळ जमेला.

इतपत गंमत होती. सहाव्या मजल्यावरच्या काकींचं प्रकरण गमतीचं नव्हतं. त्यांनाही दमा. मसाजाने इतकं हलकं वाटायला लागलं की त्यांनी रोजचा पंप, सूज धरू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ घ्यायचा असतो तो, परस्पर बंद केला. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य आपल्याकडे इतकं मुरलंय की ते कुणी शिकवावं लागत नाही. काकांनी बंद करायला सांगितलं नव्हतं. चालू ठेवायलाही सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांनी रात्री दोन वाजता त्यांना रिक्षाने न्यावं लागलं. दोन दिवसांनी त्या घरी आल्या, ठणठणीत. पण त्या रात्री काकू पार्किंगमध्ये उभ्या राहून काकांना जे बोलल्या ते सगळ्या इमारतीने पडद्याआडून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून खतावणीच्या प्रत्येक पानावर, नावाच्याही वर, लाल शाईत एक ओळ आली: ‘पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवणे.’ खाली खातेदाराची सही घेतल्याशिवाय काका बाटलीला हात लावत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरचं आठ महिन्यांचं बाळ सर्दीने घुसमटतंय म्हणून आईने बोलावलं, तेव्हा तर ते दारातूनच परतले. कापूर आणि मेन्थॉल तान्ह्याच्या नाकाजवळ न्यायचं नाही, हे आता ते स्वतः सांगतात, काकूंच्याच आवाजात.

मसाज मात्र चालूच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना झोप लागते ती लव्हेंडरने की आठवड्यातून दोनदा कुणीतरी अर्धा तास मनगटाला तेल चोळत गप्पा मारतं म्हणून, याचा आकडा कुठल्या नळीत फुंकून येणार? मीही महिन्यातून एकदा जातो. बाल्कनीत, पंप खिशात, तिळाचं तेल नुसतं. बरगड्या अजून अकराच भरतात. बारावीची रक्कम त्यांनी ‘उचंत’ खात्यात टाकलीय.

आणि आता गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी काकू वर आल्या, डोळे ओले. म्हणाल्या, ‘‘हे आज आमटी वाढताना म्हणाले, कढीपत्ता जुना आहे का गं?’’ इतक्या वर्षांनी. आम्ही दोघं खाली गेलो तर काका घरात नव्हते. ताट धुऊन, सदरा बदलून, सोसायटीच्या ऑफिसात गेले होते.

तिथल्या तक्रारवहीत त्या तारखेला नोंद आहे. मी स्वतः पाहिली. ‘लिफ्टमध्ये कुणीतरी सभासद अत्यंत उग्र वासाची द्रव्ये नेतो. डोळ्यांना व घशाला त्रास होतो. इमारतीत दम्याचे रुग्ण आहेत याचे भान ठेवावे. संबंधितावर कारवाई व्हावी.’ खाली काकांची सही, कुणाला नक्कल न जमणारी.

सेक्रेटरींनी बाजूला शेरा मारलाय: चौकशी चालू.